लोकलाजेचा तराजू

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न मराठी घरांत नवा नाहीं. लग्नांत किती पानें उठावीं, कोणाच्या घरीं पाणी प्यावें आणि कोणाच्या घरीं पिऊं नये, मुलीनें किती शिकावें, विधवेनें कसें वागावें, या सर्व गोष्टी पिढ्यान् पिढ्या याच एका प्रश्नानें ठरविल्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या जुन्या प्रश्नाला एक नवें कार्यक्षेत्र मिळालें आहे. भाजी आणावयास निघतांना हातांत पिशवी कोणती होती, कोसभर अंतरासाठीं मोटार काढली कीं नाहीं, दिवाळींत फटाके उडविले कीं नाहीं, गणपतीची मूर्ति शाडूची आणली कीं प्लॅस्टर ऑफ पॅरिसची, सुट्टींत विमानानें किती लांब जाऊन आले, यांवरून शेजारी, सोयरे आणि कित्येकदां घरचीं मुलेंच मनुष्याची नैतिक किंमत ठरवूं लागलीं आहेत.

यांत वाईट तें काय, असें कोणी विचारील. कोळसा आणि खनिज तेल जाळल्यानें हवेंत मिसळणारा कार्बन डायॉक्साइड वायु पृथ्वीचें तापमान वाढवीत आहे, ही गोष्ट आतां वादाची राहिलेली नाहीं. प्लॅस्टिकच्या कचऱ्यानें नाले तुंबतात, हें तर प्रत्येक शहरवासी दर पावसाळ्यांत पाहतो. मग ज्या वागण्यानें सर्वांचें नुकसान होतें, त्याविषयीं चार लोकांनीं नाक मुरडलें तर बिघडलें कोठें? प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर एका शब्दांत देण्याजोगें नाहीं. लोकलाज हें समाजाच्या हातांतील एक हत्यार आहे. तें कोणत्या कामीं उपयोगी पडतें, कोणत्या कामीं बोथट ठरतें आणि केव्हां भलत्याचाच हात कापतें, हें अलीकडच्या कांहीं अनुभवांवरून बरेंच स्पष्ट झालें आहे.

या हत्याराची अलीकडची सर्वांत गाजलेली परीक्षा स्वीडन देशांत झाली. लांबच लांब पसरलेला हा देश. हिवाळा कडक, सांपत्तिक स्थिति उत्तम, आणि त्यामुळें विमानानें दक्षिणेकडील उन्हांत जाऊन येणें ही तेथील मध्यम वर्गाची नित्याची चैन. २०१७ सालीं स्टाफान लिंडबर्ग या गायकानें विमानप्रवास सोडल्याचें जाहीर केलें. ऑपेरा-गायिका मालेना एर्नमान, २०१० च्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविणारा ब्यर्न फेरी, अशा नामवंतांनींहि तोच मार्ग धरला. पुढें एर्नमानबाईंची कन्या ग्रेटा थुन्बर्ग हिनें २०१८ च्या ऑगस्टांत पार्लमेंटाबाहेर शाळकरी मुलांचा संप सुरू केला, आणि हा विषय घरोघर पोहोंचला. स्वीडिश भाषेंत त्याबरोबर तीन नवे शब्द रूढ झाले. पहिला ‘फ्लूगस्काम’, म्हणजे विमानप्रवासाची लाज. दुसरा ‘तोगस्क्रूत’, म्हणजे आगगाडीनें गेल्याची बढाई. तिसरा ‘स्मूगफ्लूगा’, म्हणजे चोरून विमानानें जाणें. लोकलाजेचा सर्व इतिहास या तीन शब्दांत सांठविलेला आहे: एकाला लाज वाटते, दुसरा मिरवितो आणि तिसरा लपवितो.

परिणाम काय झाला? स्वीडनच्या सरकारी मालकीच्या दहा विमानतळांवरील उतारूंची संख्या २०१९ सालीं आदल्या वर्षापेक्षां शेंकडा ४ नें उतरली. देशांतर्गत प्रवासांत ही घट शेंकडा ९ इतकी होती. ज्या धंद्यांत दर वर्षीं वाढच व्हावयाची असें सर्वजण गृहीत धरून चालले होते, त्यांत ही उतरण लक्षांत येण्याजोगी होती. परंतु हें सर्व श्रेय लाजेच्या पदरांत टाकणें बरोबर होणार नाहीं. १ एप्रिल २०१८ पासून तेथील सरकारनें विमानाच्या तिकिटावर अंतराप्रमाणें ६० पासून ४०० क्रोनरपर्यंत कर बसविला होता, आणि क्रोनरचा भावहि त्या काळीं उतरलेला होता. पुढें २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, विमानेंच जमिनीवर उतरलीं, आणि लाजेचा परिणाम स्वतंत्रपणें मोजण्याची सोय उरली नाहीं. १ जुलै २०२५ रोजीं तो करहि रद्द करण्यांत आला. स्टॉकहोमहून हांबुर्गला जाणारी रात्रीची आगगाडी मात्र सरकारी साहाय्यानें २०२२ सालीं सुरू झाली. ज्यांना विमान सोडावयाचें होतें, त्यांना बसावयास दुसरें कांहीं तरी मिळालें. लाज वाटणाऱ्याला पर्याय असेल तरच लाजेचें आचरणांत रूपांतर होतें. नसेल तर तिचें रूपांतर चोरींत होतें, हें त्या तिसऱ्या शब्दानें आधींच सांगून ठेवलें होतें.

लोकमताचें दडपण मनावर नेमकें कोणत्या वाटेनें काम करतें, याचाहि शास्त्रज्ञांनीं बारकाईनें अभ्यास केला आहे. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कॅलिफोर्नियांतील ८१० लोकांना, ते घरांत विजेची बचत कां करतात, असें विचारण्यांत आलें. पर्यावरणाचें रक्षण, समाजाविषयींचें कर्तव्य, पैशांची बचत, हीं कारणें लोकांनीं महत्त्वाचीं म्हणून सांगितलीं. ‘शेजारी करतात म्हणून’ हें कारण सर्वांच्या मतें सर्वांत गौण. परंतु प्रत्यक्ष आचरणाशीं ताडून पाहतां, शेजाऱ्यांच्या वागण्याविषयींची समजूत हीच खऱ्या बचतीशीं सर्वांत निकट जोडलेली आढळली. मनुष्य शेजाऱ्याकडे पाहून वागतो, आणि आपण तत्त्वासाठीं वागतों असें प्रामाणिकपणें मानतो.

त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे २००७ सालीं, त्याच प्रांतांतील सॅन मार्कोस गांवीं सुमारे २९० घरांवर केलेला प्रयोग याहूनहि बोधप्रद आहे. प्रत्येक घराच्या दारावर एक चिठ्ठी अडकविण्यांत आली: तुमच्या घरांत इतकी वीज खर्च होते आणि आसपासच्या घरांची सरासरी इतकी आहे. जीं घरें सरासरीहून अधिक वीज वापरीत होतीं, त्यांचा खर्च कमी झाला. पण जीं आधींच काटकसरीनें वागत होतीं, त्यांचा खर्च वाढला! इतर एवढी वीज वापरतात, मग आपणच कां हात आंखडावा, असा विचार त्यांच्या मनानें केला असावा. यावर उपाय अगदीं साधा निघाला. काटकसरी घरांच्या चिठ्ठीवर एक हंसरा चेहरा काढण्यांत आला, आणि तेवढ्या शाबासकीनें ती उलटी प्रतिक्रिया थांबली. म्हणजे ‘लोक काय करतात’ आणि ‘लोकांना काय आवडतें’ हीं दोन निराळीं दडपणें आहेत. दोन्ही एका दिशेला ओढूं लागलीं तरच गाडा पुढें सरकतो.

अमेरिकेंतील एका हॉटेलांतील प्रयोगहि असाच आहे. पाहुण्यांनीं टॉवेल रोज धुवावयास न टाकतां पुन्हां वापरावा, यासाठीं खोल्यांत निरनिराळ्या पाट्या लावण्यांत आल्या. पर्यावरणाचें रक्षण करा, एवढेंच सांगणाऱ्या पाटीचा परिणाम शेंकडा ३५ पाहुण्यांवर झाला. बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हां वापरतात, असें सांगणाऱ्या पाटीनें हा आंकडा ४४ वर नेला, आणि याच खोलींत पूर्वीं राहिलेले बहुतेक पाहुणे तसें करीत, असें सांगणाऱ्या पाटीनें ४९ वर. उपदेशापेक्षां उदाहरण बलवत्तर, आणि दूरच्या उदाहरणापेक्षां जवळचें. पुढें वीज कंपन्यांनीं हीच युक्ति लक्षावधि घरांवर वापरून पाहिली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६ लाख घरांच्या पाहणींत सरासरी बचत शेंकडा २ भरली. एका घरापुरती ही बचत क्षुल्लक आहे. एवढ्या घरांची बेरीज केली तर ती क्षुल्लक राहत नाहीं. मात्र या सर्व प्रयोगांत कोणीहि कोणाची निंदा केलेली नव्हती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

येथपर्यंत लोकमताची उजवी बाजू झाली. डाव्या बाजूचा पहिला दोष असा कीं, लोकांचा डोळा जें दिसतें त्यावर जातो, जें जड आहे त्यावर जात नाहीं. हातांतील पिशवी रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसते. छपरावरची पाणी तापविण्याची सोय, भिंतींचा जाडपणा, पैसे गुंतविलेल्या कंपनीचा कारभार हें कोणाला दिसत नाहीं. २०१७ सालीं वाइन्स आणि निकोलस या दोन संशोधकांनीं श्रीमंत देशांतील मनुष्याच्या निरनिराळ्या वर्तनांचें वजन करून पाहिलें. मोटारीवांचून वर्ष काढलें तर सुमारे २.४ टन कार्बन डायॉक्साइड वांचतो. अटलांटिक महासागर ओलांडून विमानानें जाणें-येणें टाळलें तर सुमारे १.६ टन, वर्षभर वनस्पतिजन्य अन्नावर राहिलें तर सुमारे ०.८ टन. कचरा वेगळा करून पुन्हां उपयोगास देणें हें शाळांतून सर्रास शिकविलें जाणारें काम. त्याची बचत वनस्पतिजन्य आहाराच्या एक चतुर्थांश भरली. कचरा वेगळा करूं नये, असा याचा अर्थ नव्हे. परंतु वर्षभर ओला-सुका कचरा निष्ठेनें वेगळा करणारें कुटुंब एकाच सहलींत तें पुण्य कित्येक पटींनीं खर्चून टाकूं शकतें, आणि तरीहि शेजाऱ्यांच्या दृष्टीनें तें आदर्शच राहतें.

पिशवीचेंच उदाहरण घ्यावें. कापडी पिशवी चांगली आणि प्लॅस्टिकची वाईट, हा निवाडा आतां सर्वमान्य आहे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबांत, सुती पिशवी तयार करण्याचा हवामानावरील भार एकदां वापरून टाकावयाच्या पातळ पिशवीच्या पातळीवर आणावयाचा तर ती १३१ वेळां वापरावी लागते, असें आढळलें. कापसाला पाणी, खत आणि जमीन लागते. सूत कांतावयास व विणावयास वीज लागते. म्हणून ज्या घरांत निरनिराळ्या समारंभांतून भेट मिळालेल्या वीस कापडी पिशव्या कपाटांत घडी करून ठेवलेल्या आहेत, त्या घराचा सात्त्विकपणा या हिशेबांत टिकत नाहीं. पण हाच हिशेब अंतिम मानणेंहि चुकीचें होईल. त्यांत हवामानाचें वजन आहे, तुंबलेल्या नाल्याचें नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या प्रलयांत प्लॅस्टिकनें तुंबलेल्या गटारांनीं भर घातली, असें त्या वेळीं सर्वत्र म्हटलें गेलें. ज्या शहरानें तो दिवस पाहिला, त्यानें पातळ पिशवीला वाईट म्हणण्यास स्वतंत्र कारण आहे. एकाच वस्तूचा निवाडा प्रश्नाप्रमाणें बदलतो. लोकनिंदेला मात्र प्रश्न विचारण्याची संवय नसते. तिच्यापाशीं उत्तरें तयार असतात.

दुसरा दोष पहिल्याहून गंभीर आहे. लोकलाज सर्वांना सारखी लागत नाहीं. जगांतील सर्व लोकांपैकीं २०१८ सालीं विमानांत बसलेले लोक सुमारे शेंकडा ११ असावेत, आणि प्रवासी विमानांच्या एकूण धुरापैकीं निम्म्याचा भार जगांतील शेंकडा १ लोकांवर येतो, असा दोन संशोधकांचा २०२० चा अंदाज आहे. ज्या शेंकडा एकांमुळें हा प्रश्न मुख्यतः उभा राहिला, त्यांच्यापर्यंत शेजारणीची कुजबुज पोहोंचत नाहीं. ती पोहोंचते भाजीवालीपर्यंत. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्या गुन्ह्यास ५ हजार रुपये, दुसऱ्यास १० हजार, तिसऱ्यास २५ हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. हेतु योग्य होता. पण मोठ्या दुकानदाराला जो ५ हजारांचा दंड एका दुपारच्या विक्रींतून भरतां येतो, तोच पदपथावरील विक्रेत्याची कित्येक दिवसांची कमाई नेतो. त्याचें गिऱ्हाईक रिकाम्या हातानें येतें आणि पिशवी मागतें. न दिली तर पुढच्या गाड्याकडे जातें. पिशवी मागणारा सुशिक्षित असतो, देणारा गरीब असतो, आणि बाजारांतली नजर देणाऱ्यावरच खिळते.

अपंग मनुष्याची अडचण तर सहज नजरेआड होते. प्लॅस्टिकच्या नळीनें पेय पिणें हा कांहीं देशांत मोठा अपराध मानला जाऊं लागला. ज्यांना पेला उचलतां येत नाहीं, त्यांना ती लवचिक नळी म्हणजे चैन नव्हे, गरज आहे. इंग्लंडमध्यें १ ऑक्टोबर २०२० पासून या नळ्यांवर बंदी आली तेव्हां कायद्यानें औषधांच्या दुकानांतून त्या विकण्याची आणि उपाहारगृहांत मागितल्यास देण्याची मुभा ठेवली. कायद्याला अपवाद लिहितां येतो. लोकांच्या नजरेंत तो लिहिण्याची सोय नाहीं. नळी मागणाऱ्याला दर वेळीं भर सभेंत आपल्या देहाचा खुलासा करावा लागतो.

घरांतहि या सद्‌गुणांची वांटणी समान होत नाहीं. कागदाऐवजीं कापडी रुमाल, तयार वस्तूंऐवजीं घरीं केलेले पदार्थ, बाळाला टाकाऊ लंगोटाऐवजीं धुवावयाचे लंगोट, ओला कचरा कुजवून खत: हे सर्व निश्चय चहाच्या टेबलावर कुटुंबानें मिळून केलेले असतात. ते पार पाडण्याचें काम बहुधा घरच्या स्त्रीवर, अथवा धुण्या-भांड्यांस येणाऱ्या बाईवर पडतें. कीर्ति एकाला आणि कष्ट दुसऱ्याला, ही वांटणी जुन्या सोंवळ्या-ओंवळ्याच्या काळींहि अशीच होती.

अन्नाच्या बाबतींत तर दुप्पट सावधगिरी पाहिजे. गाई-म्हशी व मेंढ्या यांच्या पचनांतून मिथेन वायु निघतो, त्यांच्या चाऱ्यासाठीं जमीन लागते, आणि २०१८ च्या एका विस्तृत अभ्यासाप्रमाणें मनुष्याच्या कृतींतून निघणाऱ्या तापमानवर्धक वायूंपैकीं सुमारे शेंकडा २६ अन्नाच्या व्यवसायांतून येतात. डाळ-भात-भाजी हें अन्न या दृष्टीनें हलकें आहे, हें खरें. तथापि तुपाच्या आणि पनीराच्या ताटालाहि तोच हिशेब लागू आहे, ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं. भारतांत ‘कोण काय खातो’ हा प्रश्न शतकानुशतकें जातीचें कुंपण म्हणून वापरला गेला. मुंबईसारख्या शहरांत मांसाहारी भाडेकरूला घर नाकारल्याच्या तक्रारी आजहि ऐकूं येतात. पृथ्वीच्या नांवानें दुसऱ्याच्या ताटांत डोकावण्यापूर्वीं, त्या डोकावण्यांत जुनाच विटाळ नवें वस्त्र नेसून आला नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे.

तिसरा दोष मनाच्या ठेवणींतला आहे. सदाचारी मनुष्य कांहीं न बोलतां नुसता शेजारीं बसला तरी कित्येकांना तो आपली परीक्षा घेत आहे असें वाटतें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत मांसाहारी लोकांना शाकाहारी लोकांविषयीं विचारण्यांत आलें. शाकाहारी आपल्याला कमी लेखत असतील असा अंदाज ज्यांनीं अधिक केला, त्यांनींच शाकाहाऱ्यांविषयीं अधिक वाईट मत दिलें. म्हणजे निंदा होण्याआधींच निंदेचा सूड उगविला जातो. मग प्रत्यक्ष निंदा केल्यावर काय होईल हें सांगावयास नको. २०१९ सालीं ग्रेटा थुन्बर्ग ही विमान टाळून शिडाच्या नौकेनें प्लिमथहून न्यूयॉर्कला गेली. प्रवासास सुमारे दोन आठवडे लागले. तेवढ्या अवधींत, नौका परत आणणारे खलाशी विमानानें जाणार, हा मुद्दा टीकाकारांनीं शोधून काढला आणि वृत्तपत्रांत तोच गाजला. उपदेशकाच्या आचरणांत छिद्र सांपडलें कीं श्रोत्याला आपलें आचरण तपासण्याची गरज राहत नाहीं.

या मनोवृत्तीचा पुरावा दोन्ही अंगांनीं मिळाला आहे. हवामानाचे अभ्यासक स्वतः फार वीज वापरतात असें सांगितल्यावर लोकांचा त्यांच्या सल्ल्यावरील विश्वास उतरतो, असें २०१६ सालीं दिसून आलें. उलट अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत घराच्या छपरावर सौर तावदानें बसविण्याचा प्रचार करणाऱ्या स्वयंसेवकांची पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. ५८ गांवांतील या पाहणींत, ज्यांनीं स्वतःच्या घरावर तावदानें बसविलीं होतीं, त्यांनीं इतरांपेक्षां सुमारे शेंकडा ६३ अधिक घरें वळविलीं. बोलण्याचा विषय तोच, पत्रकें तींच. फरक एवढाच कीं, त्यांचें बोलणें ऐकणाऱ्याला त्यांचें छप्पर दिसत होतें.

चौथी गोष्ट दोषापेक्षां धोक्याची म्हणावी लागेल. घराघरांत अपराधाची भावना पसरल्यानें कोणाचा तरी फायदा होतो. अमेरिकेंत १९५३ सालीं पेयें व डबे-बाटल्या बनविणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकारानें स्वच्छतेचा प्रचार करणारी एक मोठी संस्था निघाली. १९७१ सालीं तिनें काढलेल्या एका जाहिरातींत, रस्त्यावर कचरा पाहून एका आदिवासी पुरुषाच्या डोळ्यांत अश्रु येतात असें दृश्य होतें. प्रदूषण लोक करतात आणि तें लोकच थांबवूं शकतात, असा तिचा रोख होता. त्याच वर्षीं ओरेगन संस्थानानें बाटलीवर अनामत रक्कम घेण्याचा कायदा केला, आणि अशा कायद्यांना पेयांच्या धंद्यानें कसून विरोध केला. ‘कार्बनचें पाऊल’ हा शब्द लोकांच्या तोंडीं बसविण्यांतहि एका बड्या तेल कंपनीचा हात होता. २००४ सालीं तिनें प्रत्येकाला आपलें पाऊल मोजतां येईल असें गणितयंत्र लोकांपुढें ठेवलें. मोजणें वाईट नाहीं. परंतु प्रत्येकजण आपल्याच पावलाकडे खालीं पाहत राहिला, तर रस्ता कोणी आंखला हें पाहण्यास मान वर होत नाहीं.

मग लोकलाज टाकूनच द्यावी काय? आयर्लंडचा अनुभव तसें सांगत नाहीं. २००२ च्या मार्चमध्यें तेथें प्लॅस्टिकच्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंट आकार बसविण्यांत आला. त्यापूर्वीं दर माणशीं वर्षाला अदमासें ३२८ पिशव्या खपत. हा आंकडा थोड्याच अवधींत २१ वर आला. पुढें खप हळूहळू वाढूं लागला तेव्हां २००७ सालीं आकार २२ सेंट करण्यांत आला. पंधरा सेंटांनीं कोणी भिकेस लागत नव्हता. परंतु सर्व दुकानांत, सर्व गिऱ्हाइकांना, एकाच दिवशीं तो नियम लागू झाल्यानें घरची पिशवी नेणें हीच रीत झाली, आणि विकत पिशवी घेणें लोकांना ओशाळवाणें वाटूं लागलें. तेथें लाज कायद्याच्या पाठीमागून आली. कोणी कोणाला बोलावें लागलें नाहीं. जो विसरला त्यानें नाणें टाकलें आणि तो घरीं गेला. महाराष्ट्रांत बंदी कडक, दंड जबर. पण अंमल ढिला पडतांच कांहीं काळानें पातळ पिशव्या बाजारांत पुन्हां दिसूं लागल्या. लहान, निश्चित आणि सर्वांना सारखा असा आकार जें करूं शकतो, तें मोठा पण अनिश्चित दंड करूं शकत नाहीं.

या सर्व अनुभवांवरून दुसऱ्याच्या वागण्यावर मत देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्याची संवय सुज्ञ कुटुंबास लावून घेतां येईल. पहिला वजनाचा: या कृतीचा भार खरोखर किती, आणि तिच्याहून जड अशी कोणती कृति आपल्याच घरांत खपवून घेतली जात आहे? दुसरा ऐपतीचा: त्या मनुष्यापाशीं दुसरा मार्ग होता काय, आणि त्याला किती पैसे, किती वेळ, किती कष्ट पडले असते? तिसरा अधिकाराचा: ही गोष्ट बदलण्याची शक्ति त्याच्या हातांत आहे, कीं नगरपालिकेच्या, कारखानदाराच्या, सरकारच्या? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर दूरचें निघालें, तर शेजाऱ्याला टोमणा मारण्यापेक्षां नगरसेवकाला पत्र लिहिणें अधिक फलदायी होईल, मग त्यांत टोमण्याइतकी गोडी नसो. भारतांत दर माणशीं कार्बन डायॉक्साइडचें वार्षिक प्रमाण सुमारे २ टन, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे; पण ही सरासरी मोटार आणि विमान वापरणाऱ्या शहरी घरानें स्वतःचें ढालपत्र म्हणून पुढें करावी, असाहि तिचा अर्थ नव्हे. ती सरासरी ज्यांच्यामुळें खालीं राहिली आहे, त्यांना निवडीची संधीच मिळालेली नाहीं.

लोकमत किती फिरतें, याची साक्ष जुनीं मराठी घरें देतील. फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवणें, रिकामे डबे सांठविणें, थोरल्या भावाचा सदरा धाकट्यानें घालणें, सुतळीचा तुकडाहि न टाकणें, ही पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या चाळींतली सर्वसाधारण रीत होती. हातीं पैसा आल्यावर याच वागण्याला लोकांनीं कंजूषपणा म्हटलें, आणि कित्येक घरांनीं त्या टोमण्याच्या धाकानें गोधड्या माळ्यावर टाकल्या. आज तीच गोधडी दिवाणखान्यांत कौतुकानें दाखविली जाते. गोधडी या सर्व काळांत होती तशीच आहे, आणि ती शिवणाऱ्या बाईनें तिच्या ऊबेपलीकडे कोणता दाखला कधीं मागितला नव्हता.